बारीक दोषांची करामत

घरात कुणाचे पाठीचे किंवा डोक्याचे दुखणे लांबले की डॉक्टर एम.आर.आय. काढायला सांगतात. पेशंट त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये सरकतो, आत ठकठक आवाज होत राहतो आणि बाहेर नातेवाईक बिलाचा हिशेब मांडत बसतात. मशीनच्या पांढऱ्या कवचाआड काय दडले आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. तिथे तारेची मोठमोठी वेटोळी असतात आणि ती उणे २६९ अंश सेल्सियसला ठेवलेली असतात. उणे २७३ च्या खाली थंडी जाऊच शकत नाही, म्हणजे ही थंडी जवळजवळ शेवटच्या पायरीवरची. एवढ्या थंडीत ती तार विजेला अजिबात अडवत नाही. एकदा वीज सोडली की ती वर्षानुवर्षे त्याच वेटोळ्यांत फिरत राहते, तार तापत नाही, आणि तिच्यापासून जबरदस्त ताकदीचा लोहचुंबक तयार होतो. विजेला मुळीच न अडवणाऱ्या अशा पदार्थाला अतिसंवाहक म्हणतात.

ही थंडी येते द्रवरूप हेलियममुळे. नेहमीच्या मशीनमध्ये तो दीड-दोन हजार लिटर भरावा लागतो. अलीकडे फार थोड्या हेलियमवर चालणारी मशीन्स निघाली आहेत, पण जगभरातल्या इस्पितळांत अजून जुन्या धाटणीचीच जास्त आहेत. हेलियम हवेत नावापुरता असतो. तो नैसर्गिक वायूच्या विहिरींतून वेगळा काढावा लागतो, आणि तो काढणारे देश बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला एक मोठा देश कतार. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतले भाऊ आणि मुलगे तिथे नोकरीला आहेत, त्यांना २०१७ चा रमजान आठवत असेल. त्या जूनमध्ये शेजारच्या देशांनी कतारची नाकेबंदी केली आणि तिथले हेलियमचे प्रकल्प काही दिवस बंद ठेवावे लागले. जगाच्या हेलियमचा सुमारे चौथा हिस्सा तेव्हा तिथून येत असे. आखातातल्या एका भांडणाचा झटका दूरदेशीच्या इस्पितळांना बसू शकतो, तो असा.

याउलट नायट्रोजन आपल्या भोवती सगळीकडे आहे. हवेचा ७८ टक्के भाग तोच. तो उणे १९६ अंशांना द्रव होतो आणि हेलियमपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही त्याची टाकी असते, गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या तिच्यात ठेवतात. अतिसंवाहक तार हेलियमऐवजी नायट्रोजनच्या थंडीत चालली, तर इस्पितळापासून वीज मंडळापर्यंत सगळ्यांचा खर्च उतरेल.

असा पदार्थ १९८७ मध्येच सापडला आहे. मग इतकी वर्षे लोटूनही तो आपल्या शहरातल्या एम.आर.आय. सेंटरपर्यंत का पोहोचला नाही? कारण त्या पदार्थाच्या आत, केसाच्या जाडीच्या हजारो पट बारीक असे दोष आहेत. त्यांतले काही दोष वीज बंद पाडतात आणि काही दोष नसले तरीही वीज बंद पडते. हे दुसरे वाक्य वाचताना अडखळायला होते, याची आम्हाला कल्पना आहे. हा लेख त्यासाठीच आहे.

पारा, मग मातीची जात

अतिसंवाहकतेचा शोध १९११ मध्ये हॉलंडमधल्या लायडन शहरात लागला. हाइके कामरलिंग ओनेस या शास्त्रज्ञाने त्याआधी तीन वर्षे हेलियम द्रवरूपात आणला होता. त्या थंडीत त्याने पारा ठेवला, त्यातून वीज सोडली आणि पाऱ्याचा विरोध एकाएकी नाहीसा झाल्याचे त्याला दिसले. पुढे शिसे, नायोबियम अशा अनेक धातूंत हेच आढळले, पण प्रत्येकाला भयंकर थंडी लागायची. पाऊण शतक खटपट करून मजल गेली ती उणे २५० अंशांपर्यंत.

१९८६ मध्ये झुरिकजवळ आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत योहानेस बेडनोर्झ आणि अलेक्स म्युलर यांनी धातू सोडून भलतीच वाट धरली. त्यांनी तांब्याच्या ऑक्साइडचा, म्हणजे कपबशीच्या जातीचा, ठिसूळ पदार्थ तपासला. असा पदार्थ वीज वाहील अशी अपेक्षाच कुणी करत नसे. तो उणे २४० अंशांच्या आसपास अतिसंवाहक झाला. दुसऱ्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ च्या सुरुवातीला अमेरिकेत पॉल चू आणि मॉ-क्वेन वू यांच्या गटांनी त्याच कुळातला एक नवा पदार्थ जाहीर केला. त्यात एक भाग यट्रियम, दोन भाग बेरियम, तीन भाग तांबे आणि बाकी ऑक्सिजन. तो उणे १८० अंशांनाच अतिसंवाहक झाला. नायट्रोजनची थंडी त्याला पुरून उरत होती! मार्चमध्ये न्यूयॉर्कला भौतिकशास्त्रज्ञांची बैठक भरली, ती रात्री तीन वाजून गेले तरी उठेना. आपल्याकडे बंगळूरला सी. एन. आर. राव यांच्या गटानेही त्याच वर्षी या पदार्थावर काम केले.

वर्तमानपत्रांनी त्या वर्षी चुंबकावर तरंगत धावणाऱ्या आगगाड्या आणि गळती नसलेल्या विजेच्या तारा जवळजवळ दारात आणून उभ्या केल्या. घाई झाली, असे आमचे मत आहे. पदार्थ कोणत्या थंडीत अतिसंवाहक होतो हा पहिला प्रश्न. त्यातून किती वीज जाऊ शकते हा दुसरा, आणि व्यवहारात खरा प्रश्न तोच. भट्टीत भाजून केलेल्या या पदार्थाच्या वडीतून नायट्रोजनच्या थंडीत दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम काहीशे अँपिअर जात. आपल्या घराच्या भिंतीतली तांब्याची तार याच हिशेबाने हजाराच्या आसपास सहज नेते, आणि तेही कुठल्याही थंडीशिवाय.

सफ सरळ नसेल तर

ही वडी म्हणजे लाखो बारीक स्फटिकांचा गोळा. प्रत्येक स्फटिकाच्या आत अणूंच्या ओळी शिस्तीत लागलेल्या असतात, पण शेजारच्या स्फटिकातल्या ओळी वेगळ्या दिशेला तोंड करून असतात. दोघे जिथे भेटतात तिथे एक विस्कटलेला सांधा तयार होतो. तो असतो एक-दोन नॅनोमीटर रुंद. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून त्या सांध्याच्या बारीकपणाचा अंदाज यावा.

एवढ्याशा फटीने काय बिघडते? अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोड्या बांधून चालतात. जुन्या धातूंत या जोडीचा पल्ला लांब असतो, त्यामुळे असा बारीक सांधा ती सहज ओलांडते. तांब्याच्या या ऑक्साइडमध्ये मात्र तो पल्ला आहे जेमतेम दीड-दोन नॅनोमीटर. लांब टांगेचा माणूस जो ओहोळ उडी मारून पार करतो, त्यापाशी लहान मूल थबकते, तसा हा प्रकार.

१९८८ मध्ये न्यूयॉर्कजवळ आय.बी.एम.च्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेत डिमोस, प्रवीण चौधरी, मानहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नेमके मोजले. यांतले प्रवीण चौधरी लुधियानात जन्मलेले आणि खरगपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले. त्यांनी दोन स्फटिक मुद्दाम ठरावीक कोनात जोडले आणि सांध्यातून वीज किती जाते ते पाहिले. कोन दहा अंशांचा झाला की ती साधारण दहाव्या हिश्श्यावर येई आणि कोन वाढेल तशी झपाट्याने घटत जाई. घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत बारा अंश सरकतो. म्हणजे दोन मिनिटांपेक्षाही कमी अंतराचा तिरपेपणा, आणि नव्वद टक्के वीज गेली.

जमात उभी राहण्याआधी इमामसाहेब मागे वळून सफा सरळ करायला सांगतात. जिथे मशिदीची इमारत किब्ल्याच्या रोखाने बांधलेली नसते, तिथे फरशीवर किंवा चटईवर तिरप्या रेषा आखलेल्या असतात. मागून येणारा प्रत्येक जण रेष पाहून उभा राहतो, त्याला वेगळे सांगावे लागत नाही. शास्त्रज्ञांनी नेमके हेच केले. ज्याच्या अणूंच्या ओळी आधीच सरळ आहेत, असा एक चकचकीत स्फटिक त्यांनी खाली पाया म्हणून ठेवला आणि त्यावर या पदार्थाचा अतिशय पातळ थर चढवला. वर येऊन बसणारा प्रत्येक अणू खालची रेष पाहून जागा घेतो आणि पूर्ण थर एकाच दिशेला तोंड करून उभा राहतो.

थर चढवण्याची एक पद्धत लेसरची आहे. बंद कोठीत पदार्थाच्या गोल वडीवर लेसरचे ठोके मारायचे. प्रत्येक ठोक्याला तिच्यातून ज्योतीसारखा झोत उसळतो आणि समोर सातशे-आठशे अंशांना तापवलेल्या पायावर जाऊन बसतो. १९८७ मध्ये अमेरिकेत या पदार्थासाठी ही पद्धत वापरणाऱ्यांत टी. वेंकटेशन हे भारतीय शास्त्रज्ञ अग्रभागी होते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही असे थर बनवले गेले आहेत. थर निवताना कोठीत ऑक्सिजन सोडावा लागतो. या पदार्थात ऑक्सिजनचे सात अणू असायला हवेत. ते सहावर आले तर तोच पदार्थ वीज मुळीच वाहत नाही.

सरळ ओळींच्या थरातून मिळालेले आकडे थक्क करणारे होते. १९८७ मध्येच प्रवीण चौधरींच्या गटाला नायट्रोजनच्या थंडीत दर चौरस सेंटिमीटरला एक लाख अँपिअरहून अधिक वीज वाहताना दिसली. लवकरच हा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला.

कॅरम बोर्ड आणि भोवरे

इथपर्यंतची गोष्ट समजायला सोपी आहे. दोष वाईट, ते काढले, काम सुधारले. पण मग एक कोडे समोर आले. पातळ थरापेक्षाही शुद्ध, एकसंध, जवळजवळ बिनखोट असा मोठा स्फटिक शास्त्रज्ञांनी सावकाश वाढवला. त्यातून वीज आणखी जास्त जायला हवी होती. ती गेली कितीतरी कमी, अनेकदा शंभर पटींनी कमी.

याचे उत्तर फार आधी, १९५७ मध्ये, मॉस्कोत अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी कागदावर मांडून ठेवले होते. त्यासाठी त्यांना २००३ मध्ये नोबेल मिळाले. या जातीचा अतिसंवाहक चुंबकाजवळ नेला की चुंबकाचा प्रभाव त्याच्यात सरसकट शिरत नाही. तो बारीक धाग्यांच्या रूपाने आरपार जातो. प्रत्येक धाग्याभोवती विजेचा एक चिमुकला भोवरा फिरत असतो. सगळे भोवरे एकाच मापाचे असतात, टांकसाळीतून निघालेल्या रुपयासारखे. त्यात आठ आणे, चार आणे नाहीत. चुंबक जितका मोठा तितके भोवरे जास्त. एम.आर.आय.ची ताकद साधारण दीड टेस्ला असते. एक टेस्ला ताकदीतच एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ४८ कोटी भोवरे मावतात आणि दोन भोवऱ्यांमध्ये पन्नासेक नॅनोमीटरचे अंतर राहते.

भोवरा जागच्या जागी उभा असेल तर काही बिघडत नाही. पण पदार्थातून वीज सोडली की ती भोवऱ्याला बाजूला ढकलते. भोवरा सरकला की त्या सरकण्यात ऊर्जा खर्च होते, उष्णता तयार होते आणि जो विरोध नाहीसा झाला म्हणून एवढा आनंद झाला होता तो परत येतो. म्हणून जास्त वीज वाहायची असेल तर भोवऱ्यांना जागेवर खिळवून ठेवले पाहिजे.

रमजानच्या रात्री गल्लीत कॅरम मांडला जातो. बोर्ड गुळगुळीत, वर पावडर टाकलेली, आणि सोंगटी बोट लागताच पार पलीकडे जाते. शुद्ध स्फटिक म्हणजे असाच पावडर टाकलेला बोर्ड. भोवऱ्याला अडायला काही नाही, जरासा धक्का लागला की निघाला. त्याच बोर्डावर एखाद्या जागी बारीक खड्डा पडला असेल तर सोंगटी तिथेच अडकते. खेळणाऱ्याला तो खड्डा नकोसा वाटतो, इथे मात्र तोच हवा आहे.

खड्डा म्हणजे नेमके काय, हे सांगायला हवे. भोवऱ्याच्या मध्यभागी काही नॅनोमीटर रुंदीचा गाभा असतो आणि तेवढ्या भागात पदार्थ अतिसंवाहक राहत नाही. अतिसंवाहक जागा मोडून हा गाभा तयार करायला ऊर्जा लागते. पण वाटेत एखादी जागा आधीच बिघडलेली मिळाली, तर भोवऱ्याचा तो खर्च वाचतो. तो तिथे जाऊन बसतो आणि सहजासहजी उठत नाही. बिघडलेली जागा गाभ्याच्याच मापाची, म्हणजे काही नॅनोमीटरची असेल तर पकड उत्तम बसते. तिच्याहून फार लहान असेल तर पकड ढिली पडते, आणि फार मोठी असेल तर विजेची वाट फुकट अडते.

ज्या छोट्या पल्ल्यामुळे एवढासा सांधा वीज तोडतो, त्याच छोट्या पल्ल्यामुळे एवढासा दोष भोवऱ्याला धरून ठेवतो. या विषयातली आम्हाला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट हीच.

थर स्फटिकापेक्षा सरस का ठरला, याचे उत्तर १९९९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका गटाने दिले. थर वाढताना आधी पायावर ठिकठिकाणी छोटी बेटे उगवतात, ती पसरत जाऊन एकमेकांना भिडतात. भिडताना अणूंची एखादी ओळ चुकते, आणि ही चूक थराच्या तळापासून वरपर्यंत उभ्या सुईसारखी जाते. त्या गटाने थर रसायनाने हलकासा खरवडला, उघड्या पडलेल्या या जागा मोजल्या आणि थराचा भोवरे धरण्याचा जोर त्यांच्यातूनच येतो हे दाखवून दिले. म्हणजे थर बनवणारे जी शुद्धता मिरवत होते, ती नसल्यामुळेच त्यांचे काम झाले होते!

मुद्दाम पेरलेली खोट

नैसर्गिक दोष लहान चुंबकाला पुरतात. चुंबक मोठा झाला की भोवरे जास्त होतात आणि बसायच्या जागा कमी पडतात. शिवाय नायट्रोजनची थंडी हेलियमच्या मानाने ऊबदारच म्हणायची. तिच्यात भोवरे चुळबुळत राहतात आणि जागा सोडून निसटतात. म्हणून दोष मुद्दाम घालायचे ठरले.

पहिला मार्ग दांडगाईचा होता. १९९१ मध्ये जड अणूंचा वेगवान मारा करून स्फटिकात सरळ बोगदे पाडले गेले. भोवरे त्या बोगद्यांत छान बसले आणि कल्पना खरी ठरली. पण त्यासाठी मोठे यंत्र लागते, आणि किलोमीटरच्या हिशेबाने तार तयार करायची तर हा मार्ग परवडणारा नाही.

दुसरा मार्ग स्वयंपाकघरातला वाटावा असा आहे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जुडिथ मॅकमॅनस-ड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरने फोडायच्या वडीतच बेरियम झिर्कोनेट नावाचा दुसरा पदार्थ थोडासा मिसळला. हा पदार्थ मूळ पदार्थात विरघळत नाही. शीरखुर्म्यात साखर विरघळते पण चारोळी अखंड राहते, तसे याचे काही नॅनोमीटरचे दाणे थरात जागोजाग अखंड राहिले. मोठ्या चुंबकात थराची वीज वाहण्याची ताकद कितीतरी वाढली.

पुढे असे दिसले की हे दाणे योग्य तापमानात आपसूक एकावर एक रचले जातात. बेरियम झिर्कोनेटच्या अणूंमधले अंतर मूळ पदार्थापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी जास्त आहे. त्यामुळे दाण्याच्या डोक्यावरचा थर किंचित ताणला जातो, आणि पुढचा दाणा बसायला ती ताणलेली जागाच सोयीची असते. असे करत पाच-दहा नॅनोमीटर जाडीचे खांब उभे राहतात. उभ्या भोवऱ्याला उभा खांब, पूर्ण लांबीभर पकड! अमेरिकेच्याच ओक रिज प्रयोगशाळेत अमित गोयल यांच्या गटाने असे खांब असलेले थर २००५ मध्ये दाखवले. गोयल हेही खरगपूर आय.आय.टी.चे.

यातही दोन भानगडी आहेत. चुंबकाची दिशा तिरपी झाली की भोवरा तिरपा होतो आणि उभ्या खांबाची पकड सुटते. प्रत्यक्ष वेटोळ्यात तर दिशा जागोजाग बदलते. म्हणून आता खांबांबरोबर सुटे दाणेही पेरतात, म्हणजे भोवरा कसाही आला तरी कुठेतरी अडकेल. दुसरी भानगड प्रमाणाची. खांबांभोवतीच्या ताणामुळे तिथला ऑक्सिजन निसटतो आणि मूळ पदार्थच दुबळा होतो. भेसळ जास्त झाली तर भोवरे खिळले जातील खरे, पण विजेला जायला रस्ताच उरणार नाही.

पदार्थात परक्या अणूंची भेसळ कामी येणे ही गोष्ट आपल्या इतिहासाला अपरिचित नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी यांनी तलवारींच्या पोलादाचे प्रकार सांगणारा ग्रंथ लिहिला. दख्खनच्या भट्ट्यांतले पोलाद इराण आणि अरबस्तानापर्यंत जात असे आणि दमास्कसच्या नावाने गाजलेल्या पात्यांसाठी वापरले जाई. त्या पात्यांवरची लाटांसारखी नक्षी लोखंडात चुकून आलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूच्या अंशामुळे उमटते, असे अलीकडच्या अभ्यासात दिसले. २००६ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांना सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीत कार्बनच्या नॅनो आकाराच्या नळ्याही आढळल्या. यावरून आपल्या लोहारांना नॅनो विज्ञान ठाऊक होते, असे निरोप मोबाइलवर फिरतात. ते खरे नाही. त्यांना ठाऊक होते ते कोणत्या खाणीचे लोखंड किती तापवून किती ठोकायचे, आणि ती माहिती काही कमी मोलाची नव्हती. नॅनोमीटरचा दोष दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

पट्टी

कपबशीच्या जातीच्या पदार्थाची तार ओढता येत नाही, वाकवली की तडकते. म्हणून थर चढवतात धातूच्या लवचिक पट्टीवर. पण धातूच्या पट्टीत सरळ रेषा आणायच्या कुठून? एका पद्धतीत निकेलची पट्टी वारंवार लाटून तापवतात, तेव्हा तिचे स्फटिकच एका दिशेला वळतात. दुसऱ्या पद्धतीत पट्टीवर मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर चढत असताना त्यावर तिरप्या दिशेने आयनांचा मारा करतात. त्या दिशेत न बसणारे स्फटिक झडून जातात आणि बाकीचे सरळ ओळीत उरतात. हा रेषा आखणारा थर दहाएक नॅनोमीटर जाडीचा असला तरी पुरतो. त्यावर अतिसंवाहक थर, मग चांदी, मग तांबे. तयार पट्टी एक दशांश मिलिमीटर जाड, आणि तिच्यात खरे काम करणारा थर एक-दोन हजार नॅनोमीटरचा. बाकी सगळा आधार.

याच कुळातली पण बिस्मथ असलेली पट्टी आधी बाजारात आली होती. जर्मनीत एसेन शहराखाली २०१४ मध्ये एक किलोमीटर लांबीची अतिसंवाहक केबल सुरू झाली, ती तिचीच. पण बिस्मथच्या पदार्थात भोवरा अखंड धाग्यासारखा राहत नाही. चपात्यांच्या चळतीसारख्या त्याच्या चकत्या सुट्या होतात, आणि नायट्रोजनच्या थंडीत मोठ्या चुंबकात त्या आवरत नाहीत. म्हणून मोठ्या चुंबकासाठी यट्रियमच्या कुळातली पट्टीच घ्यावी लागते.

अशा पट्टीचे सर्वांत गाजलेले काम सप्टेंबर २०२१ चे. अमेरिकेत एम.आय.टी. आणि तिथून निघालेल्या एका कंपनीने २६७ किलोमीटर पट्टी वापरून २० टेस्ला ताकदीचा चुंबक तयार केला. सूर्यात जशी ऊर्जा तयार होते तशी पृथ्वीवर तयार करणाऱ्या भट्टीसाठी तो हवा आहे. २० टेस्लात एका चौरस मिलिमीटरमध्ये साडेनऊशे कोटींहून जास्त भोवरे होतात, जगाच्या लोकसंख्येपेक्षा अधिक, आणि त्यांतल्या जवळपास प्रत्येकाला जागेवर धरून ठेवावे लागते. त्यासाठी हा चुंबक नायट्रोजनहून थंड, उणे २५३ अंशांना ठेवला होता. हेलियमच्या द्रवात तो बुडवावा लागला नाही, ही त्यातली कमाई.

त्या भट्टीत न्यूट्रॉनचा सतत मारा होईल आणि तो पट्टीत स्वतःचे दोष पाडत राहील. व्हिएन्नातल्या एका छोट्या अणुभट्टीत अशा पट्ट्या ठेवून पाहिल्या आहेत. सुरुवातीला पट्टीची वीज वाहण्याची ताकद वाढते, कारण नवे खड्डे भोवरे धरतात. मग एका मर्यादेनंतर ती ढासळू लागते. चुंबक किती वर्षे टिकेल, हे त्या मर्यादेवर ठरणार आहे.

इस्पितळाच्या मशीनपर्यंत ही पट्टी अजून आलेली नाही, याचे मुख्य कारण किंमत. आणि किंमतीचे कारण पुन्हा दोष, या वेळी मोठे. काहीशे मीटर पट्टीत एका जागी पाया खरवडला गेला किंवा धुळीचा कण बसला, तर तिथे थराच्या ओळी वाकड्या होतात आणि सगळी पट्टी तेवढ्या जागेइतकीच वीज नेते. म्हणून कारखान्यात तयार पट्टी रिळावरून उलगडून द्रव नायट्रोजनमधून हळूहळू ओढतात. वर चुंबकीय मापक लावलेले असते आणि ते तसूतसूने नोंद घेत जाते. जिथे आकडा घसरतो तिथे खूण करतात, तेवढा तुकडा कापून टाकतात आणि उरलेली पट्टी लांबीप्रमाणे वेगवेगळ्या भावाने विकतात.